वारा गाळून घ्या!

या खेपेला पत्रांचा गठ्ठा सोडला आणि हसूच आलं, निम्म्याहून जास्त पत्रांत वाराच वारा. कुणाचे टोमॅटो झोपले, कुणाची जाळी उडून शेजारच्या झाडावर जाऊन बसली, एका ताईंनी तर मोडलेल्या वांग्याच्या झाडाचा फोटोच पाठवलाय, खाली फक्त एवढंच लिहिलंय की 'आता काय?'. म्हणून म्हटलं कीड आणि बुरशीचे प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त वारा.

प्रश्न : ताई नमस्कार. घरामागे साधारण २० बाय ३० फुटांचा तुकडा आहे, त्यात टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा असं लावतो. पश्चिमेला मोकळं मैदान आहे आणि तिकडून वारा नुसता घोंघावत येतो. गेल्या वर्षी वैतागून त्या बाजूला ६ फूट उंच पत्रा ठोकला, एकदम कडेकोट. तर झालं उलटंच, पत्र्याला लागून असलेल्या दोन ओळीच जास्त मोडल्या. अजून उंच पत्रा लावू का?

अजिबात नको दादा, आहे तोच काढा म्हणणारे मी.

हीच चूक मी स्वतः केलीय त्यामुळे तुमचं पत्र वाचताना जरा कसंतरीच झालं. मीही पत्रा लावला होता, एका रात्री जोरात वारं सुटलं, सकाळी जाऊन बघते तर पत्र्यामागचे टोमॅटो आडवे. पण गंमत पुढे आहे. वारा पत्र्याकडून आला होता, म्हणजे रोपं पत्र्यापासून लांब, पलीकडे पडायला पाहिजेत ना? तर सगळ्यांचे शेंडे पत्र्याकडे! जणू कुणीतरी त्यांना मागून ढकललं. मी दहा मिनिटं तिथेच उभी होते, काही कळेना. नंतर समजलं की वारा भिंतीला धडकून गायब होत नाही, तो वरून उडी मारतो, पलीकडे गेला की खाली ओढला जातो आणि जमिनीलगत उलटा फिरून भिंतीकडे परत येतो. नदीत मोठ्या दगडामागे पाणी गरगरतं तसंच. त्या भोवऱ्यात रोपं एकदा इकडून एकदा तिकडून झोडपली जातात आणि एका दिशेच्या वाऱ्यापेक्षा हे हिसके जास्त वाईट, कारण खोडाला सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून वारा अडवायच्या भानगडीत पडू नका, तो गाळा. चहा गाळतो तसा. आडोशात साधारण निम्मी जागा उघडी असावी, ४० ते ५० टक्के, म्हणजे थोडा वारा आरपार जातो आणि तोच मागच्या भोवऱ्याला जमू देत नाही. मोजायला काही लागत नाही, आडोशापासून चार पावलं मागे जाऊन उभे राहा आणि पलीकडचं आकाश बघा, निम्मं दिसलं तर झालं. अगदीच दिसत नसेल तर ती भिंतच, मग ती पत्र्याची असो नाहीतर ताडपत्रीची. पत्रा काढायचा जीवच होत नसेल तर निदान त्याच्या उभ्या पट्ट्या कापा आणि एक पट्टी एक फट अशा पुन्हा ठोका.

उंचीचं म्हणाल तर आडोसा जेवढा उंच त्याच्या दहापट अंतरापर्यंत चांगला फरक जाणवतो, त्यापुढेही थोडाफार असतो पण बागेच्या हिशोबात तो धरू नका. म्हणजे ६ फुटी आडोशाला ६० फूट. तुमचा तुकडा ३० फूट खोल, तुम्हाला ६ फूट म्हणजे चिक्कार झाले, ५ फुटांतही भागेल. सगळ्यात निवांत पट्टा आडोशाला चिकटून नसतो बरं का, उंचीच्या तीन ते पाच पट अंतरावर असतो, तर तुमची सगळ्यात नाजूक मंडळी तिथे लावा.

आणि एक, पश्चिमेकडूनच वारा येतो हे नक्की ना? घराच्या कोपऱ्यावरून वारा वळून येतो आणि आपल्याला वाटतं तो समोरूनच आला. बागेत चार-पाच काठ्या रोवा, प्रत्येकीला जुन्या ओढणीची हातभर पट्टी बांधा आणि आठवडाभर येताजाता बघत राहा. जोर किती हे झाडंच सांगतात, फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमाराला वाऱ्याचे टप्पे ठरवले ते आजही चालतात, नंतर त्यात जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर, छोट्या फांद्या हलायला लागल्या की २० ते २८, पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली की २९ ते ३८. ही डोलणारी पायरी आली की भाजीच्या रोपांचं काही खरं नाही.

प्रश्न : हिरवी शेडनेट लावली होती, पातळ वाटली म्हणून दुहेरी केली. बांबूला छान ताणून बांधली. पहिल्याच वादळात बांबूसकट सगळं उपटून गेलं. जाळीत एवढा जोर येतो कुठून?

दुहेरी केलीत तिथेच घात झाला. ५० टक्क्यांची जाळी निम्मं झाकते, तिच्यावर अजून एक ५० टक्क्यांची घातली की उघडी जागा उरली फक्त पाव, म्हणजे तुम्ही जाळी लावली नाही, शीड लावलं. होडीचं असतं ना, ते. ७५ किंवा ९० टक्क्यांची जाळी एकेरी लावली तरी तेच होतं, सावलीला ती ठीक पण वाऱ्याला नको.

जोर कुठून येतो ते आकड्यांत बघा म्हणजे धडकी भरेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ६ किलो वजनाएवढा, आणि ताशी ७२ झाला की २५ किलो. १० फूट लांब ६ फूट उंच असा एक गाळा धरला तर तो साडेपाच चौरस मीटरचा, म्हणजे बंद आडोसा असेल तर वादळात त्या एका गाळ्यावर जवळपास १४० किलोचा रेटा! आणि तो एकदा येऊन थांबत नाही, दर झोताला हलवून हलवून खांबाचं भोक मोठं करतो. जाळीला यापेक्षा कमी लागतो पण फार कमी नाही.

त्यामुळे खरं काम खांबांचं, जाळी त्यामानाने किरकोळ गोष्ट. जमिनीवर ६ फूट खांब हवा असेल तर किमान २ फूट, माती भुसभुशीत असेल तर अडीच फूट खाली गाडा, दगडगोटे घालून चांगला ठोकून घ्या. दोन खांबांत ६ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेका पाहिजेच पाहिजे, कारण ताण तिथेच येतो. जाळी खांबांच्या वाऱ्याकडच्या बाजूने लावा, म्हणजे वारा तिला खांबावर दाबतो, उलट बाजूने लावलीत तर प्रत्येक झोत तिला गाठींपासून तोडतो. आणि नुसती तार किंवा सुतळी ओवून बांधू नका, त्या भोकांतूनच जाळी फाटत जाते, लाकडाची पट्टी वरून ठेवून पट्टी आणि खांब यांच्यात जाळी चेपून खिळे मारा. वादळाचा इशारा आला तर तासभर मोडून जाळी गुंडाळून ठेवा, दोन दिवस रोपांना वारा लागला तरी चालेल पण खांब मोडून रोपांवर पडले तर मग कुणाला सांगणार.

प्रश्न : जाळी दिसायला बरी नाही दिसत, मला जिवंत कुंपण हवंय. पण घरातले म्हणतात झाडं लावलीस तर सगळं खत-पाणी तीच खातील. खरं का?

घरातले बरोबर बोलतायत, पण म्हणून लावू नये असं नाही.

जाळी वर्षानुवर्षं उन्हात टिकत नाही, जिवंत कुंपण मात्र दरवर्षी सुधारत जातं, शिवाय आडोशाला फुलपाखरं, मधमाश्या येतात. जोराच्या वाऱ्यात मधमाश्या बाहेर पडतच नाहीत आणि मग दुधी-काकडीची फुलं फळ न धरता गळतात, लोक मला विचारतात खत कोणतं घालू! खत नको, आडोसा हवा.

पण मुळं खातात हे खरंय. कुंपण आणि पहिला वाफा यांच्यात निदान ५-६ फूट जागा सोडा, तिथे पायवाट करा, कंपोस्टचा खड्डा करा, काहीही करा पण भाजी लावू नका. वर्षातून एकदा वाफ्याच्या बाजूने दीड-दोन फूट खोल फावड्याने चर मारायचा, त्यात येणारी कुंपणाची मुळं कापली जातात, चर परत बुजवून टाकायचा. सावलीचंही बघा, तुम्ही उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेला उंच कुंपण म्हणजे बागेवर अंधार, वारा दक्षिणेकडूनच येत असेल तर तिथे बुटकं ठेवा नाहीतर जाळीच बरी.

झाडं कोणती? घाई असेल तर शेवरी, काही महिन्यांत डोक्याच्या वर जाते, विरळ असते, शेंगवर्गीय असल्यामुळे मातीला नत्रही देते. तिचं आयुष्य थोडं पण तिच्या आडोशाला मागचं पक्कं कुंपण वाढतं. पक्क्यासाठी अडुळसा, जास्वंद, मेंदी, गिरिपुष्प, मोठी जागा असेल तर करंज. सुरूचं झाड वाऱ्याला फार चांगलं, पण वय वाढलं की बुडखा उघडा पडतो आणि मग खालून वारा नळीतून आल्यासारखा येतो, त्यामुळे सुरूपुढे एक झुडपांची ओळ हवीच. सुबाभूळ मी तरी लावू देणार नाही, बिया पडून पडून दोन वर्षांत तुम्ही तिचीच रोपं उपटत बसाल. आणि कण्हेर छान दिसते, वाराही चांगला गाळते, पण सगळे भाग विषारी आहेत, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर विषयच नको.

एका ओळीपेक्षा दोन ओळी, दोन्हींत ३ फूट अंतर आणि रोपं समोरासमोर न लावता मधोमध, म्हणजे पुढच्या दोघांच्या फटीत मागचं एक. मोठ्ठी रोपं आणायचा मोह होतो, तो टाळा, हातभर उंचीचं रोप मुळं लवकर धरतं आणि दोन-तीन वर्षांत पाच फुटीला गाठतं. पहिली दोन वर्षं या कुंपणालाच जाळीचा आडोसा लागतो हे बरेच जण विसरतात. आणि कात्री चालवताना जपून, एकदम गच्च चौकोनी भिंत केलीत की आपण परत पत्र्यापाशी आलो, खालच्या फांद्या तर कापूच नका.

ही कल्पना काही नवी नाही, अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली तेव्हा सरकारनेच १९३४ ते १९४२ या काळात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत झाडांचे पट्टे लावले, एकूण जवळपास ३०,००० किलोमीटर आणि २२ कोटी झाडं. त्या पट्ट्यांतही उंच झाडं मध्ये आणि झुडपं कडेला अशीच रचना असायची. आपल्याला २० फूट लावायचंय, फावडं उचला.

प्रश्न : कुंपण पूर्ण केलं, फक्त ये-जा करायला ३ फूट फट ठेवली. त्या फटीसमोरचा वाफा मात्र पार होरपळलाय.

फटीतून वारा आवळून जोरात येतो, बोटाने नळ अर्धा दाबल्यावर पाणी कसं उडतं तसा. आतल्या बाजूला फटीच्या समोर दोन-तीन पावलांवर एक छोटा आडवा आडोसा उभा करा, फटीपेक्षा दोन्हीकडे हातभर जास्त लांब. नाहीतर वाटच तिरकी काढा. कुंपणाच्या टोकांनाही हेच होतं म्हणून आडोसा वाफ्यांच्या दोन्हीकडे थोडा पुढे न्यावा.

प्रश्न : मी प्रत्येक रोपाला उंच काठी लावून तीन ठिकाणी घट्ट बांधते, तरी काठी काढली की झाड वाकतं. असं का?

घट्ट बांधता म्हणूनच! हलणारं खोड जाड होतं, आखूड राहतं, मजबूत होतं. याला १९७३ मध्ये मार्क जॅफ या संशोधकाने थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं जिभेची कसरत करायला लावणारं नाव दिलं, त्याने रोपांची खोडं रोज नुसती चोळून बघितली तरी ती बुटकी वाढली. तुमच्या रोपाला कधी हलायलाच मिळालं नाही तर ते कशाला खोड जाड करेल.

झुडूप किंवा फळझाडाचं रोप असेल तर काठी खोडाच्या एक तृतीयांश उंचीवर संपू दे, एकच बांध, तोही मऊ कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे काठी आणि खोड घासत नाहीत. काठी वाऱ्याकडच्या बाजूला. हेतू एवढाच की वरचा भाग डोलावा आणि मुळं हलू नयेत. मुळं हलतात हे कसं ओळखाल तर खोडाच्या बुडाशी वाकून बघा, मातीत खोडाभोवती नरसाळ्यासारखी गोल पोकळी दिसते. त्यात पाणी साचतं आणि खोड तिथेच कुजतं, नवी मुळं रोज तुटतात ते वेगळंच. पोकळी दिसली की माती भरून पायाने हलकेच दाबा आणि मग काठी. साधारण वर्षभरात काठी काढून टाका. टोमॅटो आणि वेल यातून वगळा हं, त्यांना फळांच्या वजनासाठी उंच आधार शेवटपर्यंत लागतोच.

प्रश्न : नवव्या मजल्यावर बाल्कनी आहे. कुंड्या रोज पडतात, पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरगळतात. पाणी तर भरपूर घालतो.

उंचावर वारा जास्त आणि इमारतीच्या कोपऱ्याला तो वळताना अजून जोर घेतो, त्यात तुमची बाल्कनी कोपऱ्याची असेल तर बघायलाच नको. कडा तपकिरी होतात ते पानातलं पाणी मुळं पुरवतात त्यापेक्षा वेगाने वारा शोषून नेतो म्हणून, वारा फार झाला की पान स्वतःची छिद्रं मिटून घेतं आणि वाढच थांबवतं. पाणी वाढवून हे सुटत नाही, उलट मुळं कुजतील. रेलिंगला आतून ५० टक्क्यांची जाळी बांधा, पूर्ण उंची नको, कमरेएवढी पुरे. काच किंवा प्लास्टिक शीटने बंद करू नका, झोत वरून येऊन आत गरगरतो. हलक्या प्लास्टिक कुंड्यांऐवजी रुंद बुडाच्या, जड, आणि तीन-चार एकमेकींना चिकटवून ठेवा, एकमेकींचा आडोसा होतो. रेलिंगवर आणि कठड्यावर एकही कुंडी ठेवायची नाही, टांगायचीही नाही, नवव्या मजल्यावरून खाली काय पडतं आणि कुणाच्या डोक्यात, हा विचार आधी.

केळीचं पान फाटतं म्हणून एका वाचकांनी काळजी केलीय, ती सोडा. ते फाटण्यासाठीच बनलंय, चिंध्या झाल्या की वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि झाड वाचतं.

प्रश्न : वादळ होऊन गेलं, सगळं आडवं. काय उपटू, काय ठेवू?

पहिल्या दिवशी काहीच उपटू नका, रागाच्या भरात तर नाहीच. माती ओली आहे तोवर मिरची आणि वांगी हळूच उभी करा, एक हात बुडाशी ठेवून, खोडाला धरून ओढायचं नाही, मग बुडाशी माती चढवून दाबा आणि काठी द्या. टोमॅटो पूर्ण झोपला असेल आणि मोडला नसेल तर त्याला ओढत बसू नका, लोळलेल्या खोडावर ओलसर माती टाका, तिथे नवी मुळं फुटतात आणि शेंडा दोन दिवसांत आपोआप वर वळतो. कोवळा मकाही बहुतेक वेळा पेरांपासून वाकून स्वतःच उभा राहतो. चिरफाळलेल्या फांद्या धारदार कात्रीने निरोगी भागापर्यंत सरळ कापा, लोंबकळत ठेवू नका. आठवडाभर खत नाही, तुटलेल्या मुळांना ते झेपत नाही.

आणि फोटो पाठवणाऱ्या ताई, तुमचं वांगं मेलेलं नाहीये. मोडलं त्याच्या चारेक बोटं खाली डाव्या अंगाला दोन हिरवे डोळे, म्हणजे नव्या फांद्यांचे कोंब, फुगलेले दिसतायत, भिंग लावून बघितलं मी. त्यांच्या जरा वर तिरका काप घ्या आणि बाकीचं कंपोस्टात टाका.